एक लाख बारा हजार सातशे एकोणसत्तर मते

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवारांची नावे कोणी पाठ करत नाही. १९६९च्या निवडणुकीत अशा पडलेल्यांमध्ये दोन मराठी नावे होती. एक पुण्याचे दलित नेते पां. ना. राजभोज आणि दुसरे चिंतामण द्वारकानाथ देशमुख. राजभोजांना नाममात्र मते मिळाली. देशमुखांना मिळाली १,१२,७६९. विजयी झालेल्या वराहगिरी वेंकट गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८. देशमुख तिसरे आले आणि तिथेच आपल्या सार्वजनिक आठवणीतून ती निवडणूक गळून पडली.

ही मते माणसांची नव्हेत, मूल्याची आहेत हे आधी सांगायला हवे. राष्ट्रपतिपदासाठी खासदार आणि आमदार मत देतात आणि प्रत्येक मताला लोकसंख्येच्या हिशेबाने वजन असते. त्या वर्षी एका खासदाराचे मत ५७६चे होते, महाराष्ट्रातल्या आमदाराचे १४६चे. त्यामुळे एक लाख बारा हजार हा आकडा मोठा वाटला तरी त्यामागे उभे असलेले लोकप्रतिनिधी शेकड्यांतच मोजावे लागतील. ते प्रामुख्याने दोन पक्षांचे होते, स्वतंत्र पक्ष आणि भारतीय जनसंघ. त्या काळच्या भाषेत हे दोन्ही ‘प्रतिगामी’. देशमुख या प्रतिगाम्यांचे उमेदवार.

मला कुतूहल वाटले ते इथेच. महाराष्ट्रात देशमुखांचे नाव निघाले की एकच गोष्ट सांगितली जाते. मुंबईसाठी त्यांनी नेहरूंच्या तोंडावर राजीनामा फेकला. आमच्या मराठवाड्यातही हीच गोष्ट शाळेपासून ऐकायला मिळते. तेरा वर्षांनी हाच माणूस राजाजींच्या आणि जनसंघाच्या पाठिंब्याने उभा राहिला, हे त्या गोष्टीत बसत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. पतसंस्थेच्या नोकरीत वसुलीची कामे करता करता जे हाती लागले ते वाचत आलो. शहागंजच्या जुन्या बाजारात एकदा देशमुखांच्या सहीची, सहाव्या जॉर्जचे चित्र असलेली दहाची नोट पाहायला मिळाली आणि मग त्यांचे १९७४ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मचरित्र, ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’, मिळवून वाचले. प्रश्न एवढाच होता की या माणसाला पुराणमतवादी म्हणता येते का, आणि येत असेल तर त्याने नेमके काय राखायचे ठरवले होते.

रोह्याचा मुलगा

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६चा, रायगडाच्या पायथ्याच्या मुलखातल्या नाते या गावचा. घर चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे, म्हणजे लेखणी आणि दप्तर यांच्यावर पिढ्यान्पिढ्या जगलेल्या जातीचे. वडील द्वारकानाथ गणेश रोह्याला वकिली करत. १९१२ साली चिंतामण मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने पटकावली. त्या काळात मॅट्रिकला पहिला येणे ही साऱ्या प्रांताची बातमी असे. राम गणेश गडकऱ्यांनी या मुलावर कविता केली. सोळा वर्षांच्या पोरावर गडकऱ्यांची कविता! डोके फिरायला एवढे पुरे होते. त्याचे फिरले नाही.

केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्याने शिकले ते संस्कृत नव्हे, वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. १९१७ साली पदवी घेतली, वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले आणि १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिला आला. नेमणूक मध्यप्रांत-वऱ्हाडात झाली. तिथे महसूल सचिव आणि पुढे अर्थसचिव. प्रांत आणि केंद्र यांच्यात उत्पन्नाची वाटणी कशी करावी हे ठरवण्यासाठी सर ऑटो निमायर यांची चौकशी झाली, तेव्हा मध्यप्रांताची बाजू मांडणारे टिपण देशमुखांनी तयार केले आणि ते दिल्लीपर्यंत नावाजले गेले. १९३१च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत ते सचिवांपैकी एक होते. त्या परिषदेला गांधीजी आलेले होते, आणि हा तरुण मराठी अधिकारी टेबलाच्या सरकारी बाजूला बसून नोंदी करत होता.

इथे थोडे थांबायला हवे. आय.सी.एस. मराठी माणसांविषयी आपल्या मनात दोनच साचे आहेत. एक इंग्रजाळलेला साहेब, दुसरा नोकरीवर लाथ मारणारा देशभक्त. देशमुखांनी नोकरी सोडली नाही. पत्नी रोझिना इंग्रज होत्या. १९४४ साली ‘सर’ ही पदवीही घेतली. त्याच वेळी घरी कालिदास चालू होता. मेघदूताचे त्यांनी मराठीत रूपांतर केले आहे, आणि गांधीजींच्या शंभर वचनांचे संस्कृत श्लोक केले, ते ‘गांधीसूक्तिमुक्तावली’ या नावाने १९५७ साली निघाले. बागकामाचे वेड आयुष्यभर होते. हे सारे एका माणसात कसे नांदले, याचे उत्तर शोधताना मला वाटते की त्यांच्या लेखी काम आणि मत या दोन निराळ्या गोष्टी होत्या. काम ज्याच्या हाताखाली करायचे त्याच्याशी चोख करायचे. मत मात्र विकायचे नाही आणि मत विचारले गेले की लपवायचेही नाही.

नोटेवरची सही

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. पहिले भारतीय गव्हर्नर. युद्ध चालू होते. इंग्लंड भारताकडून माल आणि माणसे घेत होते आणि मोबदल्यात लंडनमध्ये पौंडांत हिशेब लिहून ठेवत होते. युद्ध संपता संपता हे देणे सव्वाशे कोटी पौंडांवर गेले. जुना सावकार ऋणको झाला होता आणि बुडवेल की काय अशी धास्ती होती.

जुलै १९४४मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स इथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची घडी बसवण्यासाठी परिषद भरली. भारताच्या शिष्टमंडळाचे नेते सर जेरेमी रेझमन हे इंग्रज होते, पण बोलणारे होते देशमुख, षण्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ. हे पौंडांचे देणे परिषदेच्या विषयपत्रिकेवर आणण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तो केन्स आणि अमेरिकन यांनी मिळून परतवला. पण भारताला नाणेनिधीत ४० कोटी डॉलरचा वाटा मिळाला आणि रशिया बाहेर राहिल्यामुळे पुढे भारत पहिल्या पाच देशांत जाऊन बसला. गरीब देशांच्या विकासाची दखल या नव्या संस्थांनी घ्यावी, हा देशमुखांचा आग्रह होता. या तीन बोलणाऱ्यांतले श्रॉफ लक्षात ठेवावेत. १९५६ साली त्यांनी खासगी उद्योगाची बाजू मांडणारे व्यासपीठ काढले, आणि ज्या विचारातून पुढे स्वतंत्र पक्ष निघाला त्याचे ते एक मूळ. देशमुख मात्र तेव्हा दुसऱ्या वाटेने गेले होते.

मराठवाड्याला देशमुखांची सही उशिरा भेटली. आमच्याकडे निजामाचा हाली शिक्का चाले आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया म्हणजे ‘कलदार’. माझी आजी शेवटपर्यंत पैशाला कलदारच म्हणत असे. पोलीस कारवाईनंतर, १९५० साली, सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा दर धरून भारतीय रुपया आमच्या मुलखात आला. १९५१ साली हालीचे काढणे थांबले, तरी तो कायदेशीररीत्या रद्द व्हायला १९५९ उजाडले. लोकांच्या गाठीला काय आहे ते एका रात्रीत मातीमोल करायचे नाही, असा हा सबुरीचा कारभार. १९५० ते १९५६ या काळात दिल्लीत अर्थमंत्री होते देशमुख. प्रत्येक पाऊल त्यांचे असे मी म्हणत नाही, पण स्वभाव तोच आहे.

अर्थमंत्री

१९५० साली नेहरूंनी त्यांना नियोजन मंडळात घेतले आणि लगेच अर्थमंत्री केले. १९५२ साली ते कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेवर गेले. १९५३च्या जानेवारीत त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई तेलुगू, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या, संविधान सभेच्या सदस्य. रोझिनाबाई १९४९ साली वारल्या होत्या. विवाह नोंदणी पद्धतीने झाला आणि साक्षीदारांत खुद्द नेहरू होते. ज्यांना ‘पुराणमतवादी’ या शब्दाने सोवळ्यातला गृहस्थ दिसतो, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता कारभार पाहा. १९५३ साली मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर कर बसवणारा कायदा झाला. ग्रामीण पतपाहणीच्या शिफारशीवरून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँक सरकारने घेतली, ती भारतीय स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घातले गेले. १९५६च्या जानेवारीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या हाताखालून गेली, दुसरीची आखणी त्यांच्यासमोर झाली. राजाजींनी १९५९ साली स्वतंत्र पक्ष काढला तो ज्या परवाने आणि नियोजनाच्या राज्याविरुद्ध, त्या राज्याच्या पायाच्या चार विटा तरी देशमुखांनी बसवलेल्या होत्या. दहा वर्षांनी त्याच पक्षाने राष्ट्रपतिपदासाठी त्यांचे नाव पुढे केले.

अमेरिकेत १९६४ साली बॅरी गोल्डवॉटर यांना पुराणमतवाद्यांचे उमेदवार म्हणून उभे केले गेले, तेव्हा त्यांचे तत्त्वज्ञान सरळ होते. सरकार लहान करा, कर कमी करा, साम्यवादाशी दोन हात करा. त्यांच्या १९६०च्या गाजलेल्या पुस्तकाच्या नावातच पुराणमतवाद्याची सदसद्विवेकबुद्धी असा शब्द आहे. मिनू मसानींना असा माणूस हवा होता असेल, पण मिळाला तो हा. देशमुखांचा पुराणमतवाद बाजाराविषयीचा नव्हता, धर्माविषयीचा तर मुळीच नव्हता. तो कारभाराच्या रीतीविषयीचा होता. निर्णय कोणताही घ्या, डावा वा उजवा, पण तो जिथे घ्यायचा तिथे, ज्यांनी घ्यायचा त्यांनी, कारणे नोंदवून घ्या. दप्तरी घराण्यातल्या माणसाचे हे नीतिशास्त्र आहे. ऐकायला रूक्ष वाटते. त्याची किंमत काय असते हे १९५६ साली दिसले.

जानेवारी ते जुलै १९५६

१६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले आणि मोरारजी देसाईंच्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. ज्यांना आपण १०५ हुतात्मे म्हणून नमस्कार करतो, त्यांतले बरेचसे याच आठवड्यातले. आणि याच आठवड्यात, १९ जानेवारीच्या संध्याकाळी, अर्थमंत्री देशमुख आकाशवाणीवर बोलले. विषय होता आयुर्विमा. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या अशा २४५ संस्थांचा कारभार वटहुकमाने सरकारने हाती घेतल्याचे त्यांनी देशाला सांगितले. तयारी इतकी गुप्त होती की विमा कंपन्यांना कुणकुण लागली नाही. लागली असती तर तिजोऱ्या रिकाम्या झाल्या असत्या, हे त्यामागचे कारण.

या दोन घटना मी शेजारी शेजारी ठेवतो, कारण आपल्या चरित्रांत त्या वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. मुंबईत माणसे पडत होती आणि मराठी अर्थमंत्री विम्याविषयी निवेदन करत होता. राजीनामा देण्याची तयारी त्यांनी जानेवारीतच दाखवली होती. नेहरूंनी थांबायला सांगितले आणि ते थांबले. फेब्रुवारीअखेरीस त्यांनी अंदाजपत्रकही मांडले. सहा महिने थांबणे मला आजही खटकते. अंदाजपत्रक अर्धवट टाकून जाणे हा त्यांच्या लेखी कर्तव्यभंग असणार, हे मी समजू शकतो. पण जानेवारीतला राजीनामा गोळीबाराला उत्तर ठरला असता. जुलैतला तसा राहिला नाही, त्याला वेगळे रूप आले.

आणि ते रूप महत्त्वाचे आहे. जूनमध्ये मुंबईत काँग्रेस महासमितीची बैठक झाली, तिथे नेहरूंनी जाहीर करून टाकले की मुंबई पाच वर्षे केंद्रशासित राहील. देशमुखांनी पद सोडले आणि जुलैच्या अखेरीस लोकसभेत निवेदन केले. त्यात दोन तक्रारी होत्या. पहिली आपल्याला पाठ आहे. महाराष्ट्रावर अन्याय होतो आहे, महाराष्ट्राविषयी मनात अढी आहे, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली जाते आहे. दुसरी तक्रार अशी की हा निर्णय मंत्रिमंडळासमोर न आणता, बेफिकिरीने आणि घटनेला सोडून जाहीर केला गेला. नेहरूंनी उत्तर दिले की पंतप्रधान हा पंतप्रधान असतो आणि धोरण सांगण्याचा अधिकार त्याला आहे.

महाराष्ट्राने पहिली तक्रार छातीशी धरली आणि दुसरी तिथेच सोडली. त्यात नवल नाही. यशवंतराव चव्हाणांनी काही महिन्यांपूर्वी नेहरू आणि महाराष्ट्र यांत निवड करायची झाली तर नेहरूंची केली होती. लोकांना त्याच्यासमोर उभा करायला एक माणूस हवा होता, तो मिळाला. मराठवाड्यासाठी तर हा प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. जानेवारीच्या घोषणेप्रमाणे आम्ही महाराष्ट्रात येणार होतो, पण तिजोरी दिल्लीच्या ताब्यात जाणार होती. रेल्वे मोजकी, कापड गिरण्या मोजक्या, असा आमचा प्रदेश मुंबईवाचूनच्या महाराष्ट्रात कशाच्या भरवशावर येणार होता? म्हणून देशमुखांचे नाव औरंगाबादेतही आदराने घेतले गेले. पण त्यांनी उचललेला दुसरा मुद्दा, एका माणसाने जाहीर करायचे आणि बाकीच्यांनी मागाहून मान डोलवायची की नाही हा, कोणत्याच मोर्चाच्या घोषणेत बसणारा नव्हता.

विरोधक विचारू शकतो की विम्याचा वटहुकूमही संसदेला न विचारता काढलाच होता ना? हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की वटहुकमाची तरतूद घटनेत आहे आणि तो संसदेसमोर यावाच लागतो. सभेत केलेल्या घोषणेला असा कोणताच दरवाजा नसतो. तरीही फरक वाटतो तितका मोठा नाही, हेही मान्य केले पाहिजे.

पद नसलेला माणूस

मंत्रिपद गेल्यावर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी नेहरूंच्या हस्ते आमच्या मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले तेव्हा आयोगावर देशमुखच होते. म्हणजे ज्यांच्याशी भांडून बाहेर पडले त्यांच्याच सरकारात, त्यांनीच दिलेले काम. दोघांनीही वैर धरलेले दिसत नाही, हा त्या पिढीचा एक गुण. पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, इंडिया इंटरनॅशनल सेंटर, कलकत्त्याची सांख्यिकी संस्था. १९५९ साली मॅगसेसे पुरस्कार.

याच सुमारास त्यांनी एक गोष्ट केली, जी राजीनाम्याइतकीच धारिष्ट्याची होती आणि जिची आठवण कोणाला नाही. मंत्र्यांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करणारे एक कायमचे, निःपक्ष न्यायमंडळ हवे, अशी मागणी त्यांनी जाहीरपणे केली. असे मंडळ नेमले तर काही प्रकरणे मी स्वतः पुढे ठेवीन, असेही सांगितले. पार्श्वभूमी ताजी होती. त्यांनीच जन्माला घातलेल्या आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतले होते, छागला आयोगापुढे ते उघडे पडले आणि १९५८च्या फेब्रुवारीत त्यांच्यानंतरचे अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावे लागले होते. नेहरूंनी मागणी फेटाळली. अशा मंडळाने एकमेकांवर चिखलफेक सुरू होईल, असे त्यांचे म्हणणे. ‘लोकपाल’ हा शब्द अजून कोणाला सुचलेला नव्हता. लोकपाल विधेयक लोकसभेने पहिल्यांदा संमत केले ते १९६९ साली, राज्यसभेत ते राहून गेले आणि कायदा व्हायला २०१३ उजाडले.

अंतरात्म्याचा आवाज

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध संजीव रेड्डींचे नाव ठरवले. मंडळात रेड्डींच्या बाजूने मोरारजी होते आणि यशवंतरावही. १६ जुलैला इंदिराजींनी मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले, १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही केली हंगामी राष्ट्रपती गिरींनी, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन ते स्वतंत्र उमेदवार म्हणून मैदानात उतरले.

देशमुख तेव्हा ७३ वर्षांचे होते. १९६७च्या निवडणुकीत लोकसभेत स्वतंत्र पक्षाचे ४४ आणि जनसंघाचे ३५ सदस्य निवडून आले होते. एवढ्यावर जिंकता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा या दोन्ही पक्षांच्या नेत्यांना भेटले आणि दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींना मिळावीत अशी बोलणी झाली. हीच भेट पुढे करून इंदिराजींच्या गटाने रेड्डी प्रतिगाम्यांशी हातमिळवणी करत असल्याचा गवगवा केला, पक्षादेश काढायला नकार दिला आणि प्रत्येकाने अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्यावे असे आवाहन केले.

नियतीचा विनोद पाहा. १९५६ साली देशमुख ज्या मोरारजींच्या गोळीबाराची चौकशी मागत होते, त्या मोरारजींच्या गटाच्या उमेदवाराकडे आता देशमुखांची दुसऱ्या पसंतीची मते वळती व्हायची होती. १९५६ साली ज्या संयुक्त महाराष्ट्र समितीने देशमुखांना डोक्यावर घेतले, तिच्यातल्या कॉम्रेड डांग्यांचा कम्युनिस्ट पक्ष गिरींच्या मागे उभा होता. आणि अंतरात्मा हा शब्द, ज्याची किंमत देशमुखांनी एकदा मंत्रिपदाने चुकवली होती, तो आता पंतप्रधानांच्या तोंडी होता आणि त्याला किंमत पडत नव्हती, उलट त्यातून सत्ता मिळत होती.

आता पुन्हा आकड्यांकडे येतो, कारण त्यांत मला एक गोष्ट सापडली. १६ ऑगस्टला मतदान झाले, २० तारखेला मोजणी. वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७, म्हणजे जिंकायला ४,१८,१६९ हवी होती. पहिल्या फेरीत कोणालाच ती मिळाली नाहीत. बाकीचे उमेदवार एकेक करून बाद झाले, शेवटी देशमुखही, आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. अखेर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. रेड्डींना यातून ९१,८७९ मते मिळाली, ठरल्याप्रमाणे. पण गिरींनाही १८,५६२ मिळाली. ती आली कुठून? पहिल्या तिघांची मते एकूण वैध मतांतून वजा केली तर उरलेल्या सर्व फुटकळ उमेदवारांच्या वाट्याला फक्त ८,५०५ राहतात. ही सगळीच्या सगळी गिरींना गेली असे धरले, तरी किमान १०,०५७ मते देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्यांनी, पक्षनेत्यांचे ठरलेले असूनही, गिरींना दुसरी पसंती म्हणून दिली असली पाहिजेत. ही दहा हजार मते रेड्डींकडे गेली असती, तर रेड्डी ४,१५,४८४ आणि गिरी ४,१०,०२० झाले असते. राष्ट्रपती बदलला असता, आणि काँग्रेसची फूट कदाचित निराळ्या मार्गाने गेली असती.

हे कोण लोक होते ते गुप्त मतदानात कळणे शक्य नाही. माझा तर्क असा की देशमुखांना मत द्यायचे पण जुन्या धेंडांच्या गटाला नाही, असे काही आमदार-खासदार होते. रेड्डींना न मिळालेली ही मते इंदिराजींच्या आवाहनाने वळलेली नसावीत, कारण ते ऐकणारा पहिली पसंतीच गिरींना देता. पहिली पसंती देशमुख, दुसरी गिरी, ही चिठ्ठी कोणत्याच नेत्याने सांगितलेली नव्हती.

गिरींनी २४ ऑगस्टला शपथ घेतली. देशमुखांनी पराभवाचा बाऊ केला नाही. दुर्गाबाईंच्या आंध्र महिला सभेच्या कामात ते हैदराबादेत रमले. १९७५ साली पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी २५ जूनच्या रात्री पंतप्रधानांचे पत्र राष्ट्रपती भवनात गेले आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली आणि तिने होकार दिला. मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय होतात म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी मंत्रिपद सोडलेला माणूस त्या रात्री ७९ वर्षांचा होता. त्या जागी तो असता तर त्याने काय केले असते, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. सही नाकारली असती असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आधी मंत्रिमंडळाचा ठराव आणा, असे म्हणून कागद परत पाठवला असता, एवढे मात्र वाटते.

१९७७ साली संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. १९८१च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत चिंतामणराव देशमुख वारले.